लायट आयली, हब उठला

पहाटे तीन वाजता गोव्यात मांद्रे-मोरजीतला एखादा बंगला तुळशीवृंदावनापासून न्हाणीघरापर्यंत एकदम उजळला, पंखे पाचावर फिरू लागले आणि रिकाम्या दिवाणखान्यात एक बाई इंग्रजीत ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली, तर शेजाऱ्यांनी काठी घेऊन धावू नये. चोर आलेला नाही. एवढे दिवे लावणं चोराला परवडत नाही. घराने ठरल्या वेळी स्वतःला रिस्टार्ट करून घेतलं, एवढंच झालं आहे. ज्याला स्मार्ट होम म्हणतात त्या घरात दिवे, पंखे, एसी, कॅमेरे, दाराचं कुलूप असं सगळं एका डबीच्या हुकमावर चालतं. तळहातावर मावणारी ही डबी म्हणजे हब. दिवसभर दिव्यांचे हिशेब ठेवून हबची मेमरी तुंबते, मग तो हुकूम उशिरा पाळतो आणि पुढेपुढे पाळेनासा होतो. त्यावर जाणकारांनी काढलेला तोडगा असा, की रोज पहाटे तीनला हबने आपला आपण बंद व्हावं आणि आपला आपण चालू व्हावं. तीनच का? तर त्या वेळी घर झोपलेलं असतं, कुणाला त्रास होत नाही. हे म्हणणं हब उठेपर्यंत खरं असतं.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत हा तोडगा वास्तविक फुकट मिळतो. हबला वेळापत्रक लावून द्यायची गरजच नाही, ते वीज खातं लावून देतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चौकट येते: दुरुस्तीच्या कामासाठी वारखंड, तोरसे, इब्रामपूर, चांदेल आणि परिसरातला वीजपुरवठा सकाळी नऊ ते दुपारी दोन खंडित राहील. कधी तीच चौकट मेणकुरे, साळ, लाटंबार्से आणि परिसर अशी येते. (यातला ‘परिसर’ सर्वांत महत्त्वाचा. आपलं घर नेहमी परिसरातच असतं.) गोव्याचं स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. छत्तीसगडच्या कोरब्याहून, मध्य प्रदेशातल्या विंध्याचलहून, तेलंगणातल्या रामगुंडमहून वीज निघते, शेकडो मैल डोंगर-नद्या ओलांडून गोव्यात पोचते आणि घरापासून शेवटच्या फर्लांगावर माडाच्या एका चुडताला अडते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात चुडत कधी पडावं याची चौकट कुठल्याच पेपरात येत नाही. तेव्हा इथल्या हबचे रिस्टार्ट तीन प्रकारचे: मालकाने ठरवलेले, खात्याने ठरवलेले आणि माडाने ठरवलेले. पैकी तिसरे सगळ्यांत नेमाने होतात.

इथवर वाचून कुणी वीज खात्याला चार शब्द सुनावायला बाह्या सरसावल्या असतील तर त्यांनी त्या खाली घ्याव्यात. वीज जाण्याबद्दल इथे तक्रारच नाही. वीज जाणं हे इथल्या माणसाला चांगलं जमतं. पंखा मंदावला की आजी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता विचारते, "गेली?" आणि पडवीतून कुणीतरी म्हणतं, "शेजाऱ्यांचीही गेलीय," म्हणजे मग काळजीचं कारण उरत नाही. तक्रार आहे ती वीज परत येण्याबद्दल, आणि ती आल्यावर जागा होणाऱ्या यंत्राबद्दल. कुणाच्या हुशारीचा कस तो टक्क जागा असताना लागत नाही. जागेपणी सगळेच हुशार असतात. झोपेतून उठल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत तो काय करतो, यावर त्याची किंमत ठरते. या परीक्षेत सतरा दिव्यांवर राज्य करणारा हब सपशेल नापास होतो, आणि त्याच घरातली, कुणीही कधी स्मार्ट न म्हटलेली एक पेटी पहिल्या वर्गात पास होते. तिचं नाव पुढे येईलच. आधी नापास विद्यार्थ्याचा पेपर बघू.

लाटंबार्शातल्या एका घरात दुपारी दोनला वीज आली असं धरू. "लायट आयली!" ही आरोळी उठायच्या आतच सगळ्यात आधी बल्ब जागा होतो. बहुतेक वाय-फाय बल्बांना कारखान्यात एकच गोष्ट शिकवून पाठवलेलं असतं, की करंट आला की पूर्ण ताकदीने पेटायचं. त्यामागे सद्हेतू आहे: ज्याच्याकडे अ‍ॅप नाही तो बिचारा अंधारात बसू नये. त्यामुळे भर दुपारी दोन वाजता सतरा दिवे लागतात. त्यानंतर राउटर उठतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि उठल्यावर तो घरातल्या प्रत्येक वस्तूला पत्ता वाटायला बसतो, कधी कालचाच, तर कधी जो आधी आला त्याला आधी या न्यायाने. काल स्वयंपाकघराचा जो पत्ता होता तो आज देवघराकडे जाऊ शकतो, आणि कालचा पत्ता उराशी धरून बसलेला हब स्वयंपाकघराला हाका मारत राहतो. सगळ्यात शेवटी उठतो तो हब. घरी जोडलेल्या अशा कित्येक हबांच्या पोटात रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक असतो आणि त्याला बॅटरीवर चालणारं स्वतःचं घड्याळ सहसा नसतं. नेट येऊन कुणी वेळ सांगेपर्यंत, साधारण वीज गेली तेव्हाचीच वेळ तो खरी मानतो. म्हणजे घर दुपारचं जेवून ढेकर देत असताना हबच्या लेखी सकाळचे नऊ वाजलेले असतात.

अशा अवस्थेत शहाण्याने अंथरुणातच पडून राहावं. हब कामाला लागतो. झोपण्यापूर्वी दिवे बंद होते हे त्याच्या वहीत असतं. उठल्यावर ते चालू दिसतात. यावरून तो असा निष्कर्ष काढतो की आत्ता या क्षणी कुणीतरी दिवे लावले. मालकाने हौसेने नियम लिहून ठेवलेला असतो: पडवीतला दिवा लागला म्हणजे माणूस घरी आला, माणूस घरी आला की पंखा लाव, गीझर लाव आणि दुबईतल्या मुलाला कळव. तेव्हा मे महिन्यात भर दुपारी गीझर तापू लागतो आणि दुबईत साडेबाराच्या सुमाराला फोन थरथरतो.

"आई, घरात कोण शिरलंय?"

"कोणी नाही रे. लायट आयली."

"मग सतरा दिवे कोणी लावले?"

"तुझ्या डबीने. गरम पाणीपण काढलंय तिने. कोणासाठी ते विचार तिला."

आता ती पेटी. गोव्यातल्या जुन्या घरांत फ्रिजच्या डोक्यावर किंवा मागच्या भिंतीला एक स्टॅबिलायझर लटकलेला असतो. त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर लग्नात मिळालेली प्लास्टिकची फुलदाणी. त्याला नेट नाही, अ‍ॅप नाही, आवाज म्हणाल तर फक्त ‘खट्’. वीज आली की तो काय करतो? काहीच करत नाही. साधारण तीन मिनिटं तो दिवा लुकलुकवत नुसता बसून राहतो आणि मगच फ्रिजला वीज सोडतो. कारण असं, की काँप्रेसर थांबला की त्याच्या नळ्यांतला गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला थोडा वेळ लागतो. त्याआधी मोटर फिरवली तर तिच्यावर ताण येऊन ती जळू शकते. शिवाय नुकतीच आलेली वीज पुन्हा जाण्याचाही चांगलाच संभव असतो, हे स्टॅबिलायझर बनवणाऱ्याला ठाऊक होतं. उठल्यावर तीन मिनिटं गप्प बसायचं, एवढीच त्याची विद्या. ही विद्या एका साध्या पेटीत मावते आणि हजारोंच्या हबमध्ये मावत नाही. (लेखकांच्या मानगुटीवर अशी एक पेटी बसवावी ही सूचना चांगली आहे, पण मग निम्मे लेख लिहूनच व्हायचे नाहीत, त्यात हाही आला.)

माणसांतलं उदाहरण हवं असेल तर डिचोलीच्या बाजारात जावं. ठरलेल्या वेळी बंद होऊन ठरलेल्या वेळी चालू होण्याची विद्या गोव्याला कुणी शिकवायला नको. दुपारी एक ते साडेतीन-चार हे राज्यच रिस्टार्टला लागलेलं असतं. दुकानदार फळी ओढतो, जेवतो, वामकुक्षी घेतो आणि चारला फळी उघडतो. उघडल्या उघडल्या तो दुकानातला सगळा माल रस्त्यावर मांडत नाही, की येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकाला चोर समजून मुंबईच्या भावाला फोन लावत नाही. आधी डोळ्यांवर पाणी, मग देवाला उदबत्ती, मग चहा. आणि एवढं सगळं बंद-चालू होऊनही लामगावच्या कोणत्या माणसाकडे चतुर्थीपासूनची किती उधारी आहे हे त्याला दमडीपर्यंत आठवत असतं. अडीच तास गाढ झोपलेल्या माणसाची आठवण शाबूत, आणि दोन मिनिटं बंद राहिलेल्या यंत्राला आपलं स्वयंपाकघर सापडत नाही.

यावर तंत्रज्ञ मंडळींचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रिस्टार्ट लागतो हेच मुळी लक्षण वाईट, चांगला हब घ्या, त्याला रिस्टार्टच लागणार नाही. हे उत्तर ऐकायला बरं आहे, पण जगाचा अनुभव उलटा आहे. मोपाच्या विमानतळावरून जाताना आकाशाकडे बघत आपण ज्या विमानांवर जीव टाकतो, तीही या व्याधीतून सुटलेली नाहीत. बोइंग ७८७ ची वीजनियंत्रक यंत्रणा सलग २४८ दिवस बंदच न करता चालू ठेवली तर तिच्या आतला आकडा मोजता मोजता हद्द ओलांडतो आणि वीजपुरवठा कोलमडू शकतो, असं प्रयोगशाळेत आढळलं. तेव्हा २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ते विमान ठरावीक दिवसांनी पूर्ण बंद करून चालू करण्याचा लेखी आदेश काढला. एअरबस ए-३५० च्या काही विमानांसाठी युरोपात २०१७ साली आदेश निघाला, तिथे मर्यादा १४९ तासांची होती. आणि विंडोज ९५ ची गोष्ट तर अजरामर आहे: तो संगणक सलग ४९ दिवस आणि काही तास चालू राहिला की हमखास गोठायचा. हा दोष कुणाच्या लक्षात यायला काही वर्षं गेली, कारण तितके दिवस न कोलमडता तो चालतच नव्हता. तेव्हा रिस्टार्ट घेण्यात कमीपणा काहीच नाही. विमानालाही घ्यावा लागतो. फक्त विमान रिस्टार्ट झाल्या झाल्या उडत नाही. चेकलिस्ट घेऊन दोन माणसं पुढे बसलेली असतात, आणि ती एकमेकांना प्रत्येक गोष्ट मोठ्याने विचारतात.

वीज पुरवणाऱ्यांनाही हे कळतं. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची ग्रीड एकाच दुपारी झोपली. गोवा पश्चिम ग्रीडवर असल्याने त्या दिवशी इथे आपण नेहमीच्याच कारणांनी अंधारात होतो. कोलमडलेली ग्रीड उठवताना कुणी एक मोठं बटण दाबत नाही. औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाही आधी वीज लागते, ती बाहेरून किंवा जलविद्युत केंद्रातून आणावी लागते; मग एकेक केंद्र, एकेक वाहिनी, थोडा थोडा भार, असं चढत जावं लागतं, कारण सगळ्या घरांतले पंखे, पंप आणि फ्रिज एकदम सुरू झाले तर नुकतीच उठलेली ग्रीड पुन्हा आडवी होते. गावच्या लाइनमनलाही हे पाठ असतं. तोही एकेक फीडर जोडतो, थोडं थांबतो, विडी पेटवतो, आणि काही उडालं नाही याची खात्री झाली की पुढचा जोडतो. या साखळीच्या अगदी टोकाला, सगळ्यांनी इतका संयम पाळून आणलेल्या विजेच्या स्वागताला सतरा दिवे, चार पंखे आणि एक गीझर घेऊन हब उभा असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: "त्यात सेटिंग असतं हो!" असतं, खरंच असतं. चांगल्या बल्बांत वीज आल्यावर ‘पूर्वीच्या स्थितीत राहा’ असं सांगायची सोय असते. हबला उठल्यावर दोन-चार मिनिटं कुठलाही नियम चालवू नकोस असं सांगता येतं. राउटरला सगळ्यांचे पत्ते कायमचे नेमून देता येतात. हे तिन्ही केलं तर आपली निम्मी तक्रार मिटते, हे कबूल. पण ही सेटिंगं अ‍ॅपच्या चौथ्या पायरीवर, कुणी जाणार नाही अशा जागी दडवलेली असतात, आणि अ‍ॅप असतं दुबईत. पेडणे तालुक्यात तर घराचा मालक दिल्लीत, अ‍ॅप त्याच्या मेव्हण्याच्या फोनमध्ये, पासवर्ड बसवून देणाऱ्या पोराकडे, तो पोर आता जहाजावर, आणि घरात प्रत्यक्ष राहतो तो राखणदार, ज्याला यातलं काहीही सांगितलेलं नाही. मदतीसाठी फोन केला तर संवाद पुढीलप्रमाणे होतो.

"दिवे बंद होत नाहीत."

"हब रिस्टार्ट करा."

"रिस्टार्ट झाल्यापासूनच बंद होत नाहीत."

"मग परत एकदा करा."

शिवाय या सेटिंगांचा खरा शत्रू घरातच राहतो, तो म्हणजे आपलं वळण. स्मार्ट बल्बला भिंतीवरचं बटण कायम चालू लागतं. त्यातले झिगबी जातीचे बल्ब तर एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, म्हणजे पडवीतला बल्ब मेला की माजघरातला सेन्सर बहिरा. चिऱ्याच्या, मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींतून, त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या, हे निरोप आधीच धापा टाकत जातात. आणि आपल्याकडे तर खोलीतून उठताना बटण बंद करायचं हे मूल चालायला लागण्याआधी शिकवतात. "बटणाला हात लावू नका" असं सुनेने कितीही बजावलं तरी सासूचं बोट चालतंच. "मग लाईट बंद कशी करू?" "तिला सांगा." "कुणाला?" "लाईटला." यावर सासू सुनेकडे ज्या नजरेने बघते ती नजर कुठल्याही सेन्सरला टिपता येणार नाही. वीज वाचवणारी पिढी आणि वीज वाचवणारं यंत्र एकाच छपराखाली आली की विजेचा खप वाढतो, हे या घरांनी सिद्ध केलं आहे.

तिसरा आक्षेप इन्व्हर्टरवाल्यांचा: हब आणि राउटर इन्व्हर्टरवर टाका, म्हणजे ते झोपणारच नाहीत. हा सल्ला देणारे इन्व्हर्टर विकतात, हा योगायोग सोडून देऊ. पण हब इन्व्हर्टरवर आणि दिवे मुख्य लाइनवर असले की वीज गेल्यावर हब एकटाच जागा राहतो, आणि एकेक दिवा दिसेनासा झाल्याच्या नोंदी मालकाला पाठवत बसतो. फायबरची डबी पडवीत, तिला इन्व्हर्टरची वायर ओढायची राहून गेलेली. ती ओढली तर गावच्या टोकाला नेट पुरवणाऱ्याच्या पेटीची बॅटरी उतरलेली. झोप पुढे ढकलली जाते एवढंच. आणि पहाटे तीनचा रिस्टार्ट तर मालकाने स्वतःच नेमलेला, तिथे इन्व्हर्टर बिचारा काय करणार?

चौथा आक्षेप असा, की दिवे लागले तर लागले, बिघडलं काय? मोरजीत बिघडतं. मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरनंतर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, वन खातं त्यांच्या घरट्यांना कुंपण घालून राखण करतं. पिल्लं बहुधा रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे चालू लागतात. कोट्यवधी वर्षं सर्वांत उजळ बाजू समुद्राचीच असायची, त्यामुळे हा नियम बिनचूक होता. आता पहाटे तीनला किनाऱ्यालगतचा बंगला रिस्टार्ट होऊन क्षितिजापेक्षा जास्त उजळला, तर पिल्लं समुद्राकडे पाठ करून स्विमिंग पूलच्या दिशेने निघू शकतात. खवल्यांचं इवलंसं पिल्लू, वाळूतून वर येऊन काही मिनिटं झालेली, आईबाप हजर नाहीत, शिकवणारं कुणी नाही. तरी त्याच्याकडे दिशा ठरवायची एक यंत्रणा तयार आहे, आणि जगली तर ही मादी कित्येक वर्षांनी अंडी घालायला पुष्कळदा त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर परतते. तिला उठल्यावर पत्ता वाटावा लागत नाही. गोंधळ होतो तो तिची बंगल्याच्या यंत्रणेशी गाठ पडली तर.

शेवटी उरतो तो नेहमीचा टोमणा: तुम्ही लोक नव्याच्या विरुद्धच. तसं असतं तर कुळागरात मोबाइलवरून पंप चालू करणारा स्टार्टर इतक्या आनंदाने कुणी बसवलाच नसता. पोफळीला पाणी सोडायला रात्री टॉर्च घेऊन विहिरीवर जाणं त्याने थांबवलं. तो रिस्टार्टही होतो, दिवसातून अनेकदा होतो. पण त्याच्यावर ‘वीज आल्यावर इतका वेळ थांब’ म्हणून फिरवायचा एक खटका असतो, चौथ्या पायरीवर लपवलेला नाही, पेटीच्या तोंडावरच. शेतकरी ज्या वस्तूचे पैसे मोजतो तिच्याबद्दल आधी विचारतो, "लाईट गेली-आली तर काय?" बंगलेवाला विचारतो, "रंग किती बदलते?" एक कोटी साठ लाख, असं उत्तर मिळतं, आणि व्यवहार पुरा होतो.

पेडण्या-डिचोलीतल्या इलेक्ट्रिशियन मंडळींनी यावर आपला मार्ग काढला आहे. ते हबशी वाद घालत नाहीत. नवं स्मार्ट घर सजवायला बोलावलं की आनंदाने जातात, हब बसवतात, अ‍ॅप चालू करून दाखवतात, मालक टाळ्या वाजवतो. आणि त्याच वेळी दाराच्या मागे, कपाटाच्या आड, देवघराच्या चौकटीखाली, शोभेला बाध येणार नाही अशा बेताने साध्या बटणांची एक रांग निमूटपणे बसवून टाकतात. मालकाच्या नजरेस ती बिल बघतानाच येते.

"ही सतरा बटणं कसली?"

"हबची, साहेब."

"हब बंद करायला?"

"नाही, हब चालू असताना दिवे लावायला."